न जुळणाऱ्या हिशेबांचे शास्त्र

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात लीड नावाचे गाव आहे. तिथल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, रेमंड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात एक टाकी उभारली आणि तीत ३ लाख ८० हजार लिटर ड्रायक्लीनिंगचे द्रावण भरले. सूर्याच्या गाभ्यातून येणारे न्यूट्रिनो त्यांना मोजायचे होते. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला, तर त्या अणूचा आरगॉन होतो. असे मोजके अणू एवढ्या द्रावणातून वेचून काढायचे, असा तो प्रयोग होता. सुमारे तीन दशकांत जेमतेम दोन हजार अणू हाती लागले. आज त्याच खाणीत, डेव्हिस यांचेच नाव दिलेल्या त्याच दालनात, लक्स-झेपलिन नावाचा दुसरा प्रयोग चालू आहे. दहा टन द्रवरूप झेनॉन घेऊन तिथले शास्त्रज्ञ कृष्णपदार्थाच्या कणाची वाट पाहत आहेत. आणि अशा प्रयोगांपुढची मोठी अडचण कोणती, तर सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो. डेव्हिस यांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचले तो संकेत आता वजा करायचा गोंगाट झाला आहे.

एका पिढीच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढीच्या वाटेत आडवे यावे, हे जिवंत शास्त्राचे लक्षण आहे. कणभौतिकी आणि खगोलभौतिकी जिथे एकमेकींत मिसळतात, त्या प्रदेशाची ओळख करून देणारे हे लेख वाचकांपुढे ठेवताना मला म्हणूनच मनापासून आनंद होतो. आपल्या अभ्यासक्रमांत हे दोन विषय वेगळ्या पुस्तकांतून शिकवले जातात. त्यामुळे एकाला प्रवेगक लागतो आणि दुसऱ्याला दुर्बीण, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. गेल्या अर्धशतकातले संशोधन पाहिले की तो टिकत नाही. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे याची पहिली पक्की साक्ष प्रवेगकाने दिलेली नाही. ती दिली वातावरणात जन्मलेल्या आणि सूर्यातून आलेल्या न्यूट्रिनोंनी. कृष्णपदार्थ आहे हे दीर्घिकांच्या हालचालींवरून कळले, पण तो कशाचा बनला आहे हे सांगण्याची जबाबदारी कणभौतिकीवर येऊन पडली आहे.

या क्षेत्राची रीत मला हिशेबाची रीत वाटते. दुकानाच्या वहीत जमा आणि खर्च जुळला नाही, तर एखादी नोंद राहून गेली असेल किंवा बेरजेचा नियमच चुकला असेल. या शास्त्रातल्या मोठ्या घटना बहुधा अशाच एखाद्या तुटीपासून सुरू झाल्या आहेत आणि प्रत्येक वेळी विद्वानांमध्ये याच दोन बाजू पडल्या आहेत.

किरणोत्सारी बीटा ऱ्हासात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी भरत होती, अपेक्षेपेक्षा कमी भरत होती. उरलेली ऊर्जा जात कुठे होती? नील्स बोर यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच अणुकेंद्राच्या पातळीवर लागू नसेल, अशी शक्यता मांडली. वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३०च्या एका पत्रात दुसरा मार्ग सुचवला: कोणाला न दिसणारा, विद्युतभार नसलेला एक हलका कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. नियम राखण्यासाठी न दिसणारी वस्तू मानायची, ही त्या काळी मोठी धिटाई होती. तिची खातरजमा व्हायला २६ वर्षे लागली. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांना १९५६ मध्ये सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ तो कण, म्हणजेच न्यूट्रिनो, सापडला.

डेव्हिस यांच्या खाणीत तूट पुन्हा उभी राहिली. सूर्यातून किती न्यूट्रिनो यायला हवेत हे जॉन बाकॉल यांनी गणिताने काढले होते. डेव्हिस यांना त्याच्या सुमारे एक तृतीयांशच मिळत होते. मग वर्षानुवर्षे शंका घेतल्या गेल्या. काही जण म्हणत, सूर्याच्या गाभ्याचे गणित कच्चे आहे. काही म्हणत, एवढ्या मोठ्या टाकीतून मूठभर अणू वेचणे शक्यच नाही. ब्रुनो पाँटेकोर्व्हो यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी सुचवलेली तिसरी शक्यता, म्हणजे न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतो, ही बराच काळ मागे राहिली. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे यंत्राने वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या बाबतीत हा बदल दाखवून दिला. २००१ आणि २००२ मध्ये कॅनडातील सडबरी येथे एक हजार टन जड पाण्याच्या साहाय्याने सूर्याचा हिशेब पुरा झाला. तिन्ही प्रकारांचे न्यूट्रिनो एकत्र मोजले तेव्हा संख्या बाकॉल यांच्या गणिताशी जुळली. बाकॉल बरोबर होते, डेव्हिसही बरोबर होते. चूक होती ती बहुतेकांनी न तपासता धरून चाललेल्या एका गृहीतकाची, की न्यूट्रिनोला वस्तुमान नसते. प्रकार बदलण्यासाठी वस्तुमान लागते. त्यामुळे कणभौतिकीचे स्टँडर्ड मॉडेल ज्या रूपात पाठ्यपुस्तकांत होते, त्या रूपात अपुरे ठरले. सैद्धांतिक काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हकीकत मुळातून वाचावी असे मला वाटते. दोन स्वतंत्र माणसे आपापल्या आकड्यांवर तीस वर्षे ठाम राहिली आणि त्या ठामपणातून नवे भौतिकशास्त्र निघाले.

वस्तुमान आहे हे कळले, पण ते किती, हे अजून कळलेले नाही. या प्रश्नावर सर्वांत जुने आणि सर्वांत सुंदर सैद्धांतिक काम ज्यांनी केले त्यांत एक नाव आपल्या जवळचे आहे. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले रमानाथ कौशिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासह १९७२ मध्ये एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. रशियात गेर्श्टाइन आणि झेलदोविच यांनीही १९६६ मध्ये याच दिशेने विचार केला होता. युक्तिवाद असा. महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने न्यूट्रिनो इतर द्रव्यापासून सुटे झाले आणि तेव्हापासून विश्वभर पसरून आहेत. आज प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये, तुमच्या हातातल्या या पानाच्या आसपाससुद्धा, तिन्ही प्रकार आणि त्यांचे प्रतिकण मिळून असे सुमारे ३३६ न्यूट्रिनो असले पाहिजेत. दुसरीकडे, विश्व ज्या वेगाने प्रसरण पावते आहे त्यावरून त्याची सरासरी घनता काढता येते. ती प्रत्येक घनसेंटिमीटरला सुमारे पाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी भरते. आता भागाकार करा. प्रत्येक न्यूट्रिनो १५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल, तर केवळ न्यूट्रिनोंनीच विश्वाचा सगळा हिशेब संपेल, आणि तारे, वायू, आपण, कोणालाच जागा उरणार नाही. कौशिक आणि मॅक्लेलंड यांनी त्या वेळच्या आकड्यांवरून आठ इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा काढली. म्यूऑन न्यूट्रिनोसाठी प्रयोगशाळांनी तोवर घातलेली मर्यादा लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात होती. एकही नवे यंत्र न बांधता, कागदावर, विश्वाचे वजन करून ती हजारो पटींनी खाली आली. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती कडक होती ते ध्यानात येते.

पुढे काही काळ न्यूट्रिनो हाच कृष्णपदार्थ असेल अशी आशा होती. १९८०च्या दशकातल्या संगणकीय प्रतिकृतींनी ती मोडली. न्यूट्रिनो इतके वेगवान असतात की लहान गुठळ्या बनण्याआधीच त्या पुसून टाकतात. तेच कृष्णपदार्थ असते तर आधी प्रचंड समूह आणि मग दीर्घिका बनल्या असत्या, आणि आकाश तसे दिसत नाही. या अपयशातूनच आजची अचूक मोजणी निघाली. न्यूट्रिनो गुठळ्या किती पुसतात हे त्यांच्या वस्तुमानावर अवलंबून असते. म्हणून दीर्घिकांची मांडणी नीट मोजली की न्यूट्रिनोंचे एकत्रित वस्तुमान काढता येते.

इथे आपण अगदी ताज्या संशोधनाशी येऊन पोहोचतो, आणि मला इथेच थोडे रेंगाळायचे आहे. जर्मनीत कार्ल्सरुह येथे काट्रिन नावाचा प्रयोग ट्रिटियमच्या ऱ्हासातून न्यूट्रिनोचे वस्तुमान थेट मोजू पाहतो. त्याची दोनशे टनांची टाकी बव्हेरियातल्या देगेनडोर्फ येथे बनली. रस्त्याने ती नेणे शक्य नव्हते, म्हणून २००६ मध्ये ती डॅन्यूब नदीतून, काळ्या समुद्रातून, भूमध्य समुद्र आणि अटलांटिकमार्गे, मग ऱ्हाइन नदीतून आणली गेली. सुमारे चारशे किलोमीटरच्या अंतरासाठी तिने सुमारे नऊ हजार किलोमीटरचा वळसा घातला. या प्रयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेली मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्याच वर्षी ॲरिझोनातल्या किट पीक येथील डेसी प्रकल्पाने १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार मोजून, सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाच्या मोजमापांशी सांगड घालून, तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांच्या बेरजेवर सुमारे ०.०६४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा घातली. प्रकार बदलण्याच्या प्रयोगांवरून हीच बेरीज कमीत कमी ०.०६च्या आसपास असलीच पाहिजे, हे आपल्याला ठाऊक आहे. वरचे छत जमिनीला जवळजवळ टेकले आहे. काही अभ्यासकांनी समीकरणात या बेरजेला ऋण होण्याचीही मोकळीक दिली, तेव्हा आकडा शून्याच्या खाली झुकला. ऋण वस्तुमान असे काही नसते. म्हणून हा इशारा आहे, की वहीत कुठेतरी चूक आहे. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते असे धरले तर मर्यादा सैल होते आणि गाठ सुटल्यासारखी वाटते. ते खरे असेल, किंवा मोजमापात काही बारीक त्रुटी असेल. माझ्या मते आज या क्षेत्रात याहून रंगतदार तूट दुसरी नाही. पाउली आणि बोर यांच्या वेळचा पेच नव्या रूपात समोर आहे: नोंद शोधायची, की नियम बदलायचा?

तारे हीच प्रयोगशाळा, हे सांगणारी आणखी एक घटना प्रत्येकाला माहीत असावी. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलॅनिक मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर स्फोट पावलेल्या एका ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. जपानमधील कामिओकांदे, अमेरिकेत ओहायोतील मिठाच्या खाणीतले आयएमबी आणि कॉकेशसमधील बाक्सान या तीन यंत्रांत मिळून, काही सेकंदांच्या अवधीत, सुमारे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले. प्रकाश पोहोचला तो काही तासांनंतर. यांपैकी पहिली दोन यंत्रे प्रोटॉनचा ऱ्हास पाहण्यासाठी बांधली होती. तो त्यांना कधीच दिसला नाही. पण त्या दोन डझन नोंदींवर आजवर किती शोधनिबंध लिहिले गेले ते मोजणे अवघड आहे. अशा स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो वाहून नेतात हे गणिताने आधीच सांगितले होते आणि ते पटले. त्याहून मोठी गोष्ट पुढे आली. ॲक्सिऑनसारखा एखादा अज्ञात हलका कणही तिथे तयार होऊन निसटत असता, तर ताऱ्याचा गाभा लवकर थंड झाला असता आणि न्यूट्रिनोंचा झोत लवकर आटला असता. तो काही सेकंद टिकला, म्हणून असा कण इतर द्रव्याशी किती प्रमाणात आंतरक्रिया करू शकतो याला मर्यादा पडली. कोणालाही न दिसलेल्या कणाविषयी, कोणीही न गेलेल्या जागेवरून, ठाम विधान करता आले. गेऑर्ग राफेल्ट यांनी हा विचार ताऱ्यांच्या अनेक प्रकारांवर पद्धतशीरपणे लावला. या मार्गावर काम करू इच्छिणाऱ्यांनी त्यांचे लेखन टाळून पुढे जाऊ नये.

कृष्णपदार्थाची कथा वाचकांनी अन्यत्र वाचली असेल, म्हणून इथे थोडक्यात. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिका दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फार वेगाने फिरताना आढळल्या. आज हिशेब असा आहे की, नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटींहून थोडे अधिक काहीतरी अदृश्य आहे. ते जड, क्षीण आंतरक्रिया करणारे कण असावेत अशी तीन दशके दाट अपेक्षा होती. एलएचसी प्रवेगकात ते दिसले नाहीत, भूगर्भातल्या झेनॉनच्या टाक्यांतही दिसले नाहीत. २०२४ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो आणि चीनमधल्या जिनपिंग येथील प्रयोगांना सौर न्यूट्रिनोंच्या धडकांची पहिली चाहूल मात्र लागली. याला अपयश म्हणणे मला मान्य नाही. जिथे कण नाही असे ठरले, तो प्रत्येक तुकडा नकाशावरून कायमचा पुसला गेला आहे. तरीही सैद्धांतिक भौतिकीतल्या आम्हा लोकांनी सौंदर्याच्या जोरावर काही कल्पनांवर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आता विद्यार्थी अधिक मोकळेपणाने, अतिहलक्या कणांपासून आदिम कृष्णविवरांपर्यंत सगळीकडे शोध घेतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

दूरच्या विश्वातून येणाऱ्या अतिऊर्जावान न्यूट्रिनोंचे पर्व नुकते सुरू झाले आहे. दक्षिण ध्रुवावर एक घनकिलोमीटर बर्फात पेरलेल्या ५१६० संवेदकांच्या आइसक्यूबने २०१३ मध्ये त्यांचे अस्तित्व जाहीर केले आणि २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडे बोट दाखवले. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळ भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या केएम३नेट यंत्राने एलएचसीतल्या प्रोटॉनच्या सुमारे तीस हजार पट ऊर्जेचा एक न्यूट्रिनो टिपला. तो कुठून आला याचे पटणारे उत्तर अजून कोणाकडे नाही.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत राइन्स यांच्या गटाने त्याच वर्षी ती केली. जगातल्या या पहिल्या नोंदी होत्या. खाण बंद झाली आणि तो वारसा तुटला. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात योजलेली नवी न्यूट्रिनो वेधशाळा रखडली, याची खंत माझ्या पिढीतल्या अनेकांना आहे. पण सगळे थांबलेले नाही. पुणे जिल्ह्यात खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी स्पंदकांच्या ठोक्यांची वर्षानुवर्षे मोजणी केली. २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगभरातून एकदम जाहीर झाले, त्यांत ही भारतीय आधारसामग्री होती. त्या लहरी बहुधा प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असतील. पण विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या एखाद्या स्थित्यंतराच्याही असू शकतात, आणि तसे असेल तर खोडदच्या शेतांमधून कणभौतिकीचा प्रश्न विचारला जातो आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या आधारसामग्रीवर काम करण्यासाठी मराठवाड्यातलेच विद्यार्थी तयार असावेत, अशी माझी उघड इच्छा आहे.

हे मराठीत का, असे विचारणाऱ्यांना मी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांचे उदाहरण देतो. त्यांनी मराठीतून आयुष्यभर खगोलशास्त्र लिहिले आणि महास्फोटाच्या सिद्धांतावर शेवटपर्यंत शंका घेतली. वर सांगितलेला ३३६ न्यूट्रिनोंचा आकडा महास्फोट मानूनच निघतो आणि ते न्यूट्रिनो अजून कोणी थेट पकडलेले नाहीत. सिद्धांत स्वीकारताना त्याच्या कोणत्या पायरीला पुरावा आहे आणि कोणती पायरी अनुमानाची आहे हे विचारायची सवय त्यांनी मराठी वाचकाला लावली. इथल्या लेखकांनी तोच वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे. न्यूट्रिनो, ॲक्सिऑन, क्वेसार हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण प्रयोगशाळेत आपण तेच बोलतो.

वाचकांना एक विनंती. लेख क्रमाने वाचले पाहिजेत असे नाही, आणि समीकरण अडले तर ते ओलांडून पुढे जायला हरकत नाही. पण जिथे साधा गुणाकार-भागाकार आहे, तिथे मात्र थांबा. अकरावी-बारावीतल्या विद्यार्थ्यांनी तर कागद-पेन्सिल घेऊनच बसावे. ३३६ न्यूट्रिनो आणि घनसेंटिमीटरला पाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एवढ्या दोन आकड्यांवरून कौशिक यांच्या युक्तिवादाचा गाभा स्वतः करून पाहता येतो. मग डेसीचा ०.०६४ हा आकडा, तो तिन्ही प्रकारांची बेरीज आहे हे ध्यानात ठेवून, त्यात घाला आणि न्यूट्रिनोंचा विश्वातला वाटा किती टक्के येतो ते काढा. उत्तर आले की त्यावर शंका घ्या, आपल्या शिक्षकांशी वाद घाला, आणि त्यानंतर पहिला लेख उघडा.